पहिली बंदूक कोणती घ्यावी?

हरणाच्या शिकारीसाठी मुलाला पहिली बंदूक कोणती घ्यावी, हा प्रश्न आपल्या कुटुंबांतून अलीकडे उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. विचारणारी माणसे वाईट नाहीत, आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. रविवारची मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात चार पुरुष उभे राहिले की पाऊसपाणी आणि बाजारभाव यांच्या पाठोपाठ हरणांचा विषय निघतोच. पाथरी असो, सेलू असो, मानवत वा जिंतूर असो, तक्रार एकच: हरणांनी रान धुऊन नेले. जवळ उभा असलेला मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतो. त्याचे दृढीकरण तोंडावर आलेले असते. परदेशी गेलेल्या एखाद्या नातेवाइकाने तिकडच्या शिकारीची चित्रफीत पाठविलेली असते: पांढरे बर्फ, नारिंगी जाकीट घातलेला त्याच्याच वयाचा आतेभाऊ, पायाशी निपचित पडलेले हरीण. मुलाच्या मनात ते चित्र घर करून बसते. बापाच्या मनात मात्र दुसरेच चित्र असते, ते दुबार पेरणीचे. मग मुलगा म्हणतो, "पप्पा, आपल्यालाबी घ्या ना एक," आणि बाप हसून टाळण्याऐवजी कुणाला तरी विचारू लागतो.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो: कोणतीही नाही. परंतु एवढे उच्चारून, हात झटकून घरी जाणाऱ्या सज्जनांशीही आमचा वाद आहे, आणि त्यांच्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत.

प्रथम कायदा पाहू. कारण त्याविषयी आपल्यात विलक्षण अज्ञान आहे. आपण ज्याला सरसकट हरीण म्हणतो ते आपल्या जिल्ह्याच्या काळ्या सपाट रानात बहुधा काळवीट असते. शास्त्राच्या दृष्टीने ते हरीणही नव्हे, ते कुरंग. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळदार शिंगे जन्मभराची असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्राणी पहिल्या अनुसूचीत घातला आहे, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून छंदाची शिकार करण्याची वाटच या देशात बंद झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची हत्या केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५,००० रुपये झाला आहे.

"पण पिकाचे नुकसान केले तर?" असे कुणी विचारील. त्याचेही उत्तर कायद्यात आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. रोही किंवा रानडुक्कर उभ्या पिकाचा नाश करू लागले तर लेखी परवानगीने त्यांना मारता येते. ती पद्धत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सोपीही केली. काळविटाला मात्र पिकाच्या कारणास्तव मारता येत नाही. तो माणसाच्या जिवावर उठला असेल, अथवा बरा न होण्याइतका जखमी किंवा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतो. काळवीट माणसाच्या जिवावर कधी उठेल, हे वाचकांनीच ठरवावे. शिवाय परवानगीने मारलेले जनावरही मारणाऱ्याचे नसते, ते शासनाची मालमत्ता ठरते. तेव्हा मटणाच्या वाटणीची स्वप्ने पाहणाऱ्यांनी तीही आवरती घ्यावीत.

बंदुकीचा कायदा वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कुणालाही अग्निशस्त्र घेता, बाळगता वा वाहता येत नाही, आणि अशा अल्पवयीनाला ते विकणारा वा देणाराही दोषी ठरतो. सवलत आहे ती फक्त नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती. याच कायद्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचीही आहे. पण तो परवाना प्रौढ शेतकऱ्याला मिळतो, त्याच्या शाळकरी मुलाला नव्हे. आणि तो बंदूक बाळगण्याचा परवाना असतो, काळवीट मारण्याचा नव्हे. या दोन कागदांची गल्लत करून माणसे तुरुंगाच्या दारापर्यंत जातात.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. केवळ वस्तू म्हणून पाहिले तरी बापाच्या हाती काय लागते? बहुतेकांची नजर प्रथम छऱ्याच्या बंदुकीकडे जाते. हवेच्या दाबावर चालणारी ही बंदूक, ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलच्या आतल्या शक्तीची असेल तर परवान्याशिवाय मिळते. म्हणून तिला खेळणे समजण्याची चाल पडली आहे, आणि वाढदिवसाला, नाताळला, दृढीकरणाला ती भेट देण्याइतके आपण पुढारलो आहोत. तिचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. पस्तीस-चाळीस किलोच्या काळविटाला तो ठार करीत नाही. कातडीखाली, पोटात, डोळ्यात रुततो. जनावर पळून जाते, जखम चिघळते, आणि चार-आठ दिवसांनी ते कुठल्या तरी ओढ्याच्या काठी कुत्र्यांच्या तोंडी पडते. मुलाला वाटते, नेम चुकला. नेम चुकलेला नसतो. आणि हीच खेळण्यातली बंदूक शेजारच्या पोराचा डोळा कायमचा घालवू शकते.

त्याच्या वरची पायरी बारा बोअरची, एकनळी वा दुनळी. तिच्यातून मोठ्या छऱ्यांचे काडतूस तीस-चाळीस मीटरपलीकडे भरवशाचे राहत नाही. उघड्या माळावर काळवीट माणसाला इतके जवळ येऊ देत नाही. अधीर माणूस लांबून चाप ओढतो, छर्रे फाकतात, आणि एकाऐवजी तीन जनावरे जखमी होतात. त्याहून वरची पायरी रायफल. आपल्याकडे आयुध निर्माणीची ३१५ बोअरची रायफल पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. छऱ्याच्या बंदुकीची शक्ती २० जूल धरली तर हिची दोन हजारांहून अधिक, आणि गोळी किलोमीटरभराच्या पुढे सहज जाते. आता परभणीची भुई डोळ्यांसमोर आणा. गोदावरीपासून दुधनेपर्यंत ताटासारखी सपाट जमीन! गोळी अडविण्यास टेकडी नाही, झाडी नाही. हरणाच्या पलीकडे कोण आहे? कापूस वेचणाऱ्या बाया आहेत, मेंढरांमागचा धनगर आहे, कॅनॉलच्या भरावावरून सायकलने शाळेला निघालेली पोर आहे. ज्या रानात गोळीच्या पाठीमागे मातीचा उंचवटा नाही, तिथे प्रौढ आणि अनुभवी माणसानेही रायफल चालवू नये. तेरा वर्षांच्या मुलाची गोष्टच सोडा. राहिली गावठी बनावटीची बंदूक. ती फुटते तेव्हा चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटते, एवढे सांगणे पुरे.

त्या परदेशातील चित्रफितीबद्दलही दोन शब्द. तिकडच्या शिकारीला आम्ही पाप म्हणत नाही. अमेरिकेत आणि कॅनडात पांढऱ्या शेपटीची हरणे विपुल आहेत. किती मारायची, कोणत्या महिन्यांत मारायची, नर की मादी, हे तिथले प्रशासन ठरविते. नवशिक्याला बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, परवान्याचे शुल्क भरावे लागते, आणि ते शुल्क वन्यजीवांच्याच रक्षणाकडे वळते. ते नारिंगी जाकीट शोभेचे नसते. दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी आपल्याला लागू नये म्हणून ते घालावे लागते. तिथल्या बापाने "पहिली बंदूक कोणती?" असे विचारले, तर त्या प्रश्नाच्या मागे एवढी सगळी शिस्त उभी असते. आपल्याकडे तोच प्रश्न उचलून आणला, शिस्त मात्र समुद्रापलीकडेच राहिली. चित्रफितीत ती दिसत नाही. मेलेले हरीण तेवढे दिसते.

याविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो करणारी माणसे वाचणारी असतात. ती म्हणतात, सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली नसती तर भारताला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला असता काय? जिम कॉर्बेट यांच्या हाती बालपणी ठासणीची बंदूक पडली नसती तर? आपले व्यंकटेश माडगूळकर शिकारी नव्हते काय? गोष्टी खऱ्या आहेत. सलीम अलींनी पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि तिची ओळख पटवून घेण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत मिलार्ड साहेबांकडे गेले. पण इथेच थांबून विचार करावा. त्यांना घडविले कुणी, बंदुकीने की मिलार्ड साहेबांनी? चिमण्या मारणारी पोरे त्या काळी हजारो होती. मारलेल्या चिमणीचे नाव विचारणारा मुलगा एक निघाला, आणि त्याच्यापुढे पक्ष्यांच्या संग्रहाचे खण उघडणारा वडीलधारा माणूस त्याला भेटला. कॉर्बेटना मिळालेली ती दुनळी बंदूक एका नळीने फुटलेली होती. पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला. माडगूळकरांनी अखेरीस वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' लिहिले. ही तिन्ही माणसे बंदुकीतून बाहेर पडली म्हणून आपण त्यांची नावे घेतो. जी आत राहिली त्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत?

आणखी एक. ते जग आता उरलेले नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी काळविटांवर सोडण्यासाठी पाळलेले चित्ते होते. त्या वेळी काळवीट उदंड होते, आणि चित्ताही होता. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. मारणाऱ्यांपैकी कुणीही "आपण शेवटचा मारतो आहोत" असे समजून मारले नव्हते.

शिकारीविषयी बोलताना आपल्या भागातील एका समाजाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फासेपारधी पिढ्यान्पिढ्या हरणे आणि तितर धरीत आले. बैलाच्या आडोशाने ते कळपाजवळ सरकत आणि फास लावीत. फासावरूनच त्यांचे नाव पडले. नबाबाने, जमीनदाराने, साहेबाने मारले तर ती शिकार, आणि पारध्याने धरले तर ती चोरी, असा न्याय या देशात चालला. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र पोलिसांच्या आणि आपल्याही मनातून गेला नाही. आजही रानात काळविटाचे मुंडके सापडले की पहिली झडती पारध्यांच्या पालांची होते. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या मुलाने हौसेखातर एक हरीण मारले तर त्याची किंमत आपल्या घरी नव्हे, गावकुसाबाहेरच्या एखाद्या पालावर वसूल होण्याचा संभव अधिक आहे. दुसऱ्याच्या पाठीवर उठणाऱ्या वळांचा हिशेब आपल्या पापनिवेदनात येतो की नाही? वाशीम-अकोल्याकडे याच फासेपारध्यांतील काही जण आता माळराने राखण्याच्या कामी लागले आहेत, हेही सांगितले पाहिजे. कारण त्यांच्याइतके ते रान कुणालाच कळत नाही.

न्यायालयाचेही ध्यानात असू द्यावे. राजस्थानातील कांकाणी येथे ऑक्टोबर १९९८ मध्ये काळविटांच्या हत्येचा जो गुन्हा नोंदला गेला, त्यात एका प्रसिद्ध नटाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती एप्रिल २०१८ मध्ये. पहिल्या निकालालाच वीस वर्षे लागली, आणि अपील वेगळेच. तो धनिक होता, त्याला ते झेपले. आपल्यातील कुणाला जिंतूरच्या वा गंगाखेडच्या कोर्टात वीस वर्षे तारखा करता येतील? आणि बिश्नोई गावकऱ्यांनी ते प्रकरण लावून धरले नसते तर तेही कधीच मिटले असते.

आता वळतो त्या सज्जनांकडे, जे हात झटकून घरी गेले.

पुण्या-मुंबईत, आणि खोटे कशाला बोलावे, आपल्या परभणीच्या बंगल्यांतही अशी माणसे आहेत की ज्यांना काळविटाचे छायाचित्र पाहून गहिवरून येते आणि शेतकऱ्याने तक्रार केली की तो क्रूर वाटतो. त्यांनी मृग नक्षत्रानंतरच्या तीन आठवड्यांत एक रात्र सोयाबीनच्या शेतात काढावी. कोंब दोन पानांवर आलेला असतो. कळप उतरतो, शेंडे खुडून पुढे सरकतो. सकाळी ओळी बोडक्या दिसतात. बियाणे, खत, पाळी, मजुरी, सगळे पुन्हा. पुन्हा पेरले तर पावसाचा भरवसा नाही. रब्बीत हरभऱ्याचे घाटे भरू लागले की हीच गोष्ट पुन्हा. म्हणून घरटी एक माणूस जागलीवर जातो: थंडी, साप, विंचू, रानडुकराची भीती. कितीदा तो माणूस म्हणजे दहावीतला मुलगाच असतो, कारण बाप दिवसभर मजुरीला गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तो झोपतो आणि गुरुजी त्याला आळशी म्हणतात. आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांत एक-दोन एकरांचे धनी कितीतरी आहेत. त्यांच्या दोन एकरांतले अर्धे एकर गेले, तर त्याला निसर्गाचा समतोल म्हणून समजूत घालणे ही शुद्ध थट्टा आहे.

हरणे मुद्दाम येत नाहीत. त्यांचे माळ गेले. गायराने नांगरली गेली, काहींवर वसाहती उठल्या. जायकवाडीचा डावा कालवा आला आणि जिरायती रानांत उसाचे हिरवे पट्टे पसरले. ज्वारी मागे पडली, सोयाबीन आले. लांडगे होते ते माणसांनी संपवीत आणले. या साऱ्यात काळविटाचा दोष कोणता? आणि दोन एकरवाल्याचा तरी कोणता? कालवा काढताना त्याला कुणी विचारले नव्हते. वन्यजीव राखणे हे सबंध राष्ट्राचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्च एकट्या अल्पभूधारकाच्या ताटातून का कापला जावा? हा आमचा खरा संताप आहे, आणि तो काळविटावर नाही.

नुकसानभरपाईची सोय आहे, हे आम्ही जाणतो. पण ती सोय अनुभवलेल्याला विचारा. अर्ज करावयाचा, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहाय्यक यांनी येऊन पंचनामा करावयाचा. तिघांची सवड एका दिवशी जुळेपर्यंत खुडलेल्या कोंबांच्या जागी गवत उगवते. मग विचारतात, पुरावा काय? जो कुळाने कसतो, बटईने करतो, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याला विचारणारे तर कुणीच नाही. सौरकुंपणाला अनुदान देण्याच्या योजना निघाल्या, परंतु त्यांचा पहिला रोख व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांकडे होता. परभणीत वाघ नाही, म्हणून परभणीचा शेतकरी मागे राहिला. पीकविम्यात वन्यप्राण्यांमुळे होणारी हानी पुन्हा धरण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, २०२६ च्या खरिपापासून, जाहीर केले, ही चांगली बातमी. परंतु ७२ तासांच्या आत मोबाइलवर छायाचित्रांसह कळवावे अशी अट आहे, आणि ज्याच्या मोबाइलला शेतात जाळे मिळत नाही त्याने काय करावे?

असा माणूस जेव्हा वैतागून कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो, तेव्हा गुन्हा होतोच. त्या तारेला हरीण चिकटते, गाय चिकटते, पहाटे शेताला निघालेला शेजारीही चिकटतो. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. पण त्याला तिथवर ढकलणाऱ्यांत, छायाचित्र पाहून गहिवरणारा आणि भरपाईच्या प्रश्नावर गप्प बसणारा तो सज्जनही आहे.

गोळी घालून हा प्रश्न सुटतो, असेही कुणी समजू नये. बिहारने काही जिल्ह्यांत रोही उपद्रवी जाहीर करवून घेतले आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आणविलेल्या बंदुकधाऱ्यांकडून दोनशेहून अधिक रोही मारविले. केंद्रातील दोन मंत्री त्यावरून उघडपणे भांडले, वृत्तपत्रांना मजकूर मिळाला. बिहारच्या शेतकऱ्याची रोह्यांविषयीची तक्रार मात्र त्यानंतरही चालूच राहिली. मारलेल्यांच्या जागी शेजारचे कळप येतात. चारा आहे तिथे तोंड येणारच.

आपल्या श्रद्धेत याविषयी काय आहे, असे काही वाचक विचारतील. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट आणि संत युस्तास या दोघांच्या कथा सारख्याच आहेत. पाठलाग चालला असता हरीण वळून उभे राहते आणि त्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसतो. ते चित्र युरोपभर पसरले, जर्मनीतील एका मद्याच्या बाटलीवरही गेले. गंमत अशी की ज्यांना शिकाऱ्यांनी आपले संत मानले, त्या दोघांनीही त्या क्षणी हत्यार खाली ठेवले होते. उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव शिकारी होता आणि इसहाकाला त्याने आणलेले मांस आवडे, हेही आम्ही लपवीत नाही. अन्नासाठी मारणे वेगळे. ख्रिस्तसभेच्या १९९२ मधील धर्मशिक्षण ग्रंथाने हा भेद नेमका केला आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग त्यात मान्य आहे. विनाकारण त्यांना क्लेश देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला सोडून आहे, असे परिच्छेद २४१८ सांगतो. पण तोच परिच्छेद पुढे असेही सांगतो की जो पैसा प्राधान्याने माणसाचे दुःख निवारण्यास लागावयास हवा, तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय आहे. पहिले वाक्य बंदूक मागणाऱ्या बापाने वाचावे, दुसरे त्या सज्जनाने. बहुधा दोघेही दुसऱ्यासाठी लिहिलेले वाक्यच वाचतात.

मुलाचे काय करावे? त्याची हौस खोटी नाही आणि ती दडपून टाकावी असे आम्हांस वाटत नाही. नेम धरण्यात एक शिस्त आहे: श्वास रोखणे, हात स्थिर ठेवणे, घाई न करणे. ती शिकावयाची असेल तर नेमबाजीच्या केंद्रावर, दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीसारख्या लहानशा गावातील स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेती झाली होती. दोघेही मराठी मातीतले, आणि दोघांचे लक्ष्य कागदाचे. हा खेळ खर्चाचा आहे आणि परभणीच्या मुलाला तो सहज मिळत नाही, हे मान्य. मग त्यासाठी झगडावे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे अर्ज करणे हे छऱ्याची बंदूक विकत घेण्याइतके सोपे नाही, एवढाच त्याचा दोष.

आणि हत्यारच हवे असेल तर गोफण आहे. दाविदाने ती मेंढरे राखता राखता शिकली होती. आपल्या आज्यांनी माळ्यावर उभे राहून ज्वारीवरची पाखरे तिनेच उडविली. तिचा नुसता आवाज झाला तरी कळप हलतो. आजच्या किती मुलांना गोफण वळता येते?

आम्ही जे मागतो ते थोडे आहे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात, पेरणीनंतरचे तीन आठवडे आणि हरभऱ्याच्या दिवसांत, रविवारच्या मिस्सेनंतर एक टेबल मांडावे. ज्यांना मोबाइल सफाईने हाताळता येतो अशा आपल्याच महाविद्यालयीन मुलामुलींनी तिथे बसून नुकसानीचे अर्ज भरून द्यावेत, छायाचित्रे चढवावीत, पोहोच घ्यावी. ७२ तास रविवारची वाट पाहत नाहीत, म्हणून त्यांचे दूरध्वनी क्रमांक देवळाच्या फलकावर लावावेत. हे काम जातधर्म न पाहता सबंध गावासाठी व्हावे, पालांवरच्या लोकांसाठीही. जागलीवर शाळकरी मुले जाणार नाहीत असा नियम गावातील चार घरांनी मिळून करावा आणि मोठ्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. कृषी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. हरणांना न आवडणारी आणि तरीही दोन पैसे देणारी कोणती पिके बांधालगतच्या ओळींत घेता येतील, हे तिथल्या तज्ज्ञांनी येऊन सांगावे, असे निमंत्रण आपण दिले पाहिजे. आणि शासनाकडे एक मागणी सर्वांनी मिळून, एकाच मजकुराच्या अर्जाने, करावी: वन्यजीवांमुळे झालेल्या नुकसानीचा पंचनामा करताना केवळ खाल्लेले पीक मोजू नये, दुबार पेरणीचे बियाणे आणि जागलीच्या रात्रींची मजुरीही त्यात धरावी, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदारालाही त्याचा वाटा मिळावा.